उजेड चांगला आलाय

रंगांचा इतका उघड द्वेष करणारा रंगारी दौंडात पूर्वी झाला नाही आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. ह्यांचे शाळेतले सोबती, म्हणून माझे भावजी. सगळं आयुष्य डबे, कुंचे आणि शिड्यांत गेलं, पण त्यांच्या मते देवाने रंग एकच केला, पांढरा. बाकीचे सगळे डाग. हिरवा, पिवळा, जांभळा हे लोकांच्या हट्टापायी आणि पोटापायी मारायचे, पांढरा मात्र मनापासून. आणि पांढरा म्हणजे काही एकच पांढरा नव्हे. सायीचा, ताकाचा, ज्वारीच्या पिठाचा, धुतलेल्या तांदळाचा, असं त्यांच्या पांढऱ्याचं गणगोत मोठं. कुणी कंपनीचं शेडकार्ड पुढे केलं की भावजी ते हातात घेत आणि त्याने वारा घेत बसत.

सकाळच्या गाडीने ते पुण्याला जायचे. कोरेगाव पार्कात ते जुने बंगले आहेत ना, गोल सज्जांचे, सागवानी जिन्यांचे, जिथे फाटकावर मालकापेक्षा कुत्र्याची पाटी मोठी असते, तिथे भावजींचा शब्द चाले. ओल्या फडक्यात गुंडाळलेले कुंचे जेवणाच्या पिशवीत, भाकरीशेजारी. दुसऱ्याच्या कुंच्याने रंगवणं म्हणजे दुसऱ्याच्या कंगव्याने भांग पाडणं, असं म्हणायचे. तिथल्या एका बाईंना अलीकडे नवी कोरी भिंत जुनाट दिसायला हवी होती. भावजींनी जन्मभर जुन्याचं नवं केलेलं, हे उलटं काम पहिलंच. जमलं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "भिंतीला म्हातारी करायचं पैसं देत्यात, वहिनी. आपल्याला तर फुकटातच जमलं."

भिंत दिसली की तिच्यावर तळवा फिरवायचा, ही त्यांची जुनी खोड. माणसांशी रामराम नंतर. माझ्या पुतण्यासाठी कासुर्डीला मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा वडीलधारे म्हणून भावजींनाही बरोबर नेलं. पोहे झाले, मुलीने नाव-शिक्षण सांगितलं, आणि तिच्या वडिलांनी आदराने भावजींनाच विचारलं, मामा, कसं काय वाटतंय? मामा खुर्चीमागच्या भिंतीला हात लावून ध्यानस्थ बसलेले. म्हणाले, "वरनं झ्याक दिसतंय, पण आतून ओल हाय. पावसाळ्यात पोपडं निघत्याल." मुलीची आई तिथेच पदराला डोळे पुसू लागली. ती सोयरीक वाचवायला मला इतकं गोड बोलावं लागलं, की पुढे आठवडाभर मी सगळ्यांशी कडू वागून ते भरून काढलं. सूनबाई अजूनही त्यांना ओलवाले मामा म्हणते. पोपडे मात्र निघाले हो, भिंतीचे. पहिल्याच पावसाळ्यात.

भावजींची आणि माझी पहिली गाठ पडली ती गुलाबी रंगावरून. मी शिरूरहून लग्न होऊन आले तेव्हा मॅट्रिक पास होते आणि हे स्टेशनवरच्या हमालांनाही ठाऊक असावं अशी माझी अपेक्षा होती. कुठल्याशा मासिकात मी एका नटीचा फोटो पाहिला. साडी गुलाबी, मागची भिंतही गुलाबी. झालं. आपली बाहेरची खोली माझ्या रुखवतातल्या साडीसारखी गुलाबी हवी, असा मी धोशा लावला. आज ती मॅट्रिक पास पोरगी मला भेटली तर कान पिळीन, पण तेव्हा तिचा कान माझ्याच डोक्याला होता. ह्यांनी मित्राला बोलावलं. पांढऱ्याच्या त्या भक्ताने एक अक्षर न बोलता भिंत गुलाबी केली. मग मी तीच साडी नेसून, पावडर थापून, भिंतीपुढे खुर्ची टाकून बसले. सासूबाई आतून आल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, नुसतं मुंडकंच तरंगतंय." दीर हसता हसता उंबऱ्यात बसला. मला रडू फुटायच्या बेतात होतं. अंगणात कुंचे धूत बसलेले भावजी तेवढ्यात दारात आले. त्यांनी भिंत बघितली, खिडकी बघितली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उजेड चांगला आलाय, वहिनी."

भिंत दोन दिवाळ्या टिकली. ते वाक्य अजून टिकलंय.

हे गेल्यावरही भावजींचा रविवारचा चहा आमच्याकडेच राहिला. गेल्या साली नातीचं लग्न निघालं, तेव्हा बाहेरची खोली रंगवायची ठरली. मी म्हटलं, भावजी, पांढरा मारा. ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरच एक हात फिरल्यासारखं झालं. आमच्या भिंती चुन्याच्या. चुन्यात चिमूटभर नीळ पडली की पांढरा खुलतो, पण ती चिमूट पिठातल्या मिठासारखी, हाताला कळावी लागते. भावजींनी स्वतः चुना कालवला, स्वतः नीळ सोडली, शिडीवरही स्वतःच चढले. दुपारी भिंत वाळली आणि बघते तर काय, पोळ्याच्या बैलाच्या शिंगांसारखी निळी. नातीने तोंड उघडलं, मी तिच्या दंडाला चिमटा काढला. भावजी कमरेवर हात ठेवून भिंतीकडे लेकीकडे बघावं तसे बघत होते. "कसा काय जमलाय पांढरा?"

मी भिंत बघितली, खिडकी बघितली. म्हणाले, "उजेड चांगला आलाय, भावजी."

पुढे त्या कोरेगाव पार्कातल्या बाईंनाही त्यांनी तोच पांढरा दिला. बाई इतक्या खूश झाल्या की शेजारच्या बंगल्यानेही तसाच मागितला. भावजी रविवारी आले ते धुसफुसतच. "मी पांढरा दिला, आन् ती म्हणती, काय सुंदर निळा! बाईनं डोळं तपासून घ्याया पायजेत." मी चहाबरोबर हसू गिळलं. पण त्यांनी कप खाली ठेवला तो बशीच्या शेजारी, आणि माझं हसू तिथेच राहिलं. म्हणाले, दिव्याभोवती हल्ली कडं दिसतं. दवाखान्याचं नाव काढू नका, डाक्टर बोलला की ते खरं होतंय.

"पांढराच गेला तर माझ्याकडं काय राहिलं, वहिनी?"

मग मी एक लबाडी केली. मलाच हल्ली अंधुक दिसतं, एकटीला भीती वाटते, सोबत चला, म्हणून त्यांना पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी माझे डोळे तपासले आणि म्हणाले, आजी, काहीसुद्धा झालेलं नाही. मी म्हटलं, आलोच आहोत तर ह्यांचेही बघून टाका. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा आधी करू. परतीच्या वाटेवर भावजी दौंड येईपर्यंत त्याच दोन डोळ्यांनी माझ्याकडे रागाने बघत होते.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. जरा हिंडू-फिरू लागले तसे आधी आमच्याकडेच आले, आणि दारातच थांबले. चपला पायात तशाच.

"वहिनी, हे निळं हाय."

"व्हय."

"आन् तुम्ही बोलला न्हाई?"

"बोलले की. उजेड चांगला आलाय म्हणाले होते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खांदे हलायला लागले, आणि हसता हसता ते खाली बसले. डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून मीच ओरडले. दम लागला तसे म्हणाले, "ते गुलाबी लई वंगाळ व्हतं, वहिनी." इतक्या वर्षांनी.

उद्या येऊन पुन्हा पांढरं करतो म्हणाले. मी करू दिलं नाही. त्या कोरेगाव पार्कातल्या बाई अजून तोच निळा मागतात आणि भावजींना तो काही केल्या जमत नाही. वाटीत चुना कालवून आमच्या भिंतीशी ताडून बघतात, मान हलवतात आणि तुळशीत ओततात. तुळस बिचारी पांढरी झाली.

डाव्या डोळ्याची तारीख मात्र ते पुढे ढकलत आहेत. रविवारी चहा घेऊन भिंतीसमोर बसतात, एक डोळा मिटतात, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, म्हातारा आजीला डोळा मारतोय. मीही पदर सारखा करून घेते. या वयात मिळेल ते सोडू नये. परवा म्हटलं, भावजी, उरकून टाका की तोही डोळा. दिवेलागण होत आली होती. उजवा डोळा मिटून ते भिंतीकडे बघत होते.

"उरकू की," म्हणाले. "पण ह्याला आजून पांढरी दिसती, वहिनी. थोडं बघू द्या."

मी दिवा लावायला उठले होते, ती तशीच पुन्हा बसले.