पाव एचपीची मोटर

वडीगोद्रीत हायवेला लागून मच्छिंद्र मिस्त्रीचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे काम तो चाळीस वर्षं करतोय. पाव, अर्धा, पाऊण, एक. मोटर नुसती उचलली की तिचा एचपी सांगतो. वरची पाटी वाचायच्या भानगडीत पडत नाही. पाटी काय, कुणीही ठोकतं, असं त्याचं म्हणणं. लोखंड आणि तांबं खोटं बोलत नाही. खोटं माणूस बोलतो, आणि मिस्त्रीही त्यातून सुटला नाही, तेच सांगायचं आहे.

बायको पुष्पाबाई जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी तृप्ती पुण्याला. दर रविवारी फोन करते, जेवलात का विचारते, आणि हा जेवलो म्हणतो. दुकानात गिऱ्हाईक येतं, मोटर टेकवतं आणि कधी होईल ते विचारून चालू लागतं. बसत कुणी नाही. कुणाशी धड चार वाक्यं न बोलता दिवस मावळायचा, आणि घरी जाऊन कुलूप उघडताना त्याला खरोखर रडू यायचं.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला सोनूबाई आल्या. गल्लीपलीकडच्या. नवरा गेलेला, मुलगा बबलू जालन्याच्या एमआयडीसीत कामाला, सूनही तिकडेच. त्याने आईला शेवयांचं मशीन घेऊन दिलं आणि आठच दिवसांत त्याची मोटर जळाली.

"नवीकोरी हाये हो मिस्त्री," सोनूबाई म्हणाल्या. "दुकानात दोन व्हत्या. एकीवर शून्य पॉइंट पाच, दुसरीवर शून्य पॉइंट पंचवीस. बबलू म्हणला, पंचवीसची घेऊ, दणकट राहील. वरून सस्ती."

मिस्त्रीला हसू आलं. शून्य पॉइंट पाच म्हणजे अर्धा एचपी आणि शून्य पॉइंट पंचवीस म्हणजे पाव. एक एचपी म्हणजे साधारण साडेसातशे वॅट. त्याच्या अर्ध्यात पावणेचारशे येतात, पावात दोनशेसुद्धा भरत नाहीत. घट्ट मळलेलं पीठ दाबून जाळीतून काढायला त्या मशीनला अर्धा तरी हवाच. पाववर ते काम म्हणजे शेळीला नांगराला जुंपणं. हे त्याला मोटर उचलताच कळलं. सांगायला एक मिनिट लागलं असतं.

पण सोनूबाई स्टुलावर बसल्या होत्या. पदराने घाम पुसून त्यांनी विचारलं, "चहा मिळतो का हो इथं?" मिस्त्रीने स्टोव्ह पेटवला. मग तो तार गुंडाळत राहिला आणि त्या बोलत राहिल्या. सुनेचं, गव्हाचं, पुष्पाबाईच्या हातच्या शेवया किती बारीक निघायच्या त्याचं. दोन तास गेले. मिस्त्री मूग गिळून बसला आणि तीच मोटर पुन्हा भरून दिली.

तीन आठवड्यांत ती परत आली. येणारच होती. तिसऱ्या खेपेला तर त्याने आधीच साखर आणून ठेवली होती. माणूस म्हातारपणी इतका हलकट होऊ शकतो, हे एकटं राहिल्याशिवाय कळत नाही.

चौथ्यांदा सोनूबाई आल्या त्या बसल्याच नाहीत.

"मशीन इकून टाकते, मिस्त्री. शेजारच्या आकांक्षाच्या लग्नाच्या शेवया घेतल्या व्हत्या करायला. मोटर बंद पडली, सगळं पीठ आंबून गेलं. बाया म्हणून राह्यल्या, सोनूबाईच्या हाताला गुण न्हाई. मलाबी तसंच वाटून राह्यलंय. पीठच बराबर मळता येत न्हाई आता."

बोलताना त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. मिस्त्रीला स्वतःची शिसारी आली. त्याने फळीवरची अर्ध्या एचपीची मोटर काढली आणि दोन्ही मोटरी त्यांच्यापुढे ठेवल्या.

"उचलून बघा. एकेक करून."

त्यांनी उचलल्या. दुसरी उचलताना दोन्ही हात लावावे लागले.

"ही दुसरी पाचवाली," मिस्त्री म्हणाला. "पाच न्हाई, पन्नास समजा. रुपयातले पन्नास पैसे. अन् तुमची पंचवीस पैशाची. तुमच्या हाताचा काही दोष न्हाई. मोटरच कमी पडून राह्यली."

सोनूबाईंना समजायला वेळ लागला नाही. "तुम्हाला कधी कळलं?"

निदान या वेळी तरी त्याने खोटं सांगितलं नाही. "पहिल्याच दिवशी."

"मंग सांगितलं कामून न्हाई?"

"तुम्ही पुन्हा आल्या नसत्या."

सोनूबाईंनी पंचवीसवाली मोटर बाजूला सारली. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

"मोटर तयार व्हईपर्यंत घरी वाट बघता आली नसती का मला?" त्या म्हणाल्या. "दोन-दोन तास कशापायी बसत व्हते मी इथं? मलाबी घरात कुणी बोलायला न्हाई, मिस्त्री. मोटर जळली नसती तरी आले असते मी."

अर्ध्या एचपीची मोटर कडेवर घेऊन त्या निघून गेल्या. स्टोव्हवर चहाचं पाणी उकळत होतं, ते मिस्त्रीने बंद केलं.

ती मोटर अजून चालू आहे. यंदा सोनूबाईंनी तीन महिने रोज शेवया काढल्या आणि मोटर एकदाही जळली नाही. रस्त्यात भेटल्या तर "बरं हाये का मिस्त्री" म्हणतात. थांबत नाहीत.