उताराजवळ जड होणारी पिकअप

गाडी तिसऱ्यांदा माझ्या गॅरेजमध्ये उभी होती आणि मला तिच्यात काहीच सापडत नव्हतं. जुनी डिझेल पिकअप. पूर्वी लिटरला तेरा किलोमीटर जायची, आता जेमतेम आठ. एअर फिल्टर बदलला, नोझल तपासले, टायरची हवा पाहिली. चारही चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवली, ती मोकळी फिरली. डिझेल कुठेही गळत नव्हतं. आरमोरीत तीस वर्षं हेच काम करतोय, पण या गाडीनं माझी पार फजिती केली होती.

गाडी रुकमाबाईंची. त्यांचं गाव धानोऱ्याच्या पुढे, जंगलात. दोन वर्षांपूर्वी त्यांचा नवरा मंगरू मोहफुलं वेचायला गेला आणि वाघानं त्याला मारलं. तेव्हापासून धाकटा दीर सुकरू गाडी चालवतो. गावातला मोह, हिरडा, चिंच आरमोरीच्या बाजारात आणतो. घर त्या गाडीवर चालतं. तरी या खेपेला सुधारली नाही तर विकून टाकायची, असं बाईंनी ठरवलं होतं. त्या दिवशी त्याही सोबत आल्या होत्या. सुकरू चहा प्यायला गेला तेव्हा त्यांनी मला खरं कारण सांगितलं.

"मिस्त्री भाऊ, तो गाडीत एकटाच बोलत राह्यते. त्याचा भाऊ मांगं बसते म्हन्ते. एक गेला, आता याले गमवाचं नाई मले."

सुकरू परत आल्यावर मी त्यालाच विचारलं. त्यानं रस्त्यातले थांबे सांगावेत तसं सांगितलं. गावापासून थोडं पुढे नाल्याचा उतार आहे, तिथे दादा चढतो. तिथून गाडी जड होते. बाजारात गाडी तासभर उभी राहिली की तो उतरतो. गावाकडे परत जाताना मात्र बसत नाही. मी विचारलं, तिकीट घेतो का त्याचं? सुकरू हसला नाही. माझी जीभ अशीच आहे, घरी रोज बोलणी खातो.

पण रात्री जेवताना तेच डोक्यात घोळत राहिलं. गाडी सगळीकडे जड होत नाही, एका जागेपासून जड होते. म्हणजे गॅरेजमध्ये उभी करून ती कधीच बोलणार नव्हती. दुसऱ्या दिवशी मी हत्यारांची पिशवी घेऊन एसटीनं धानोऱ्याला गेलो. आदल्या दिवशी परत नेलेली तीच गाडी घेऊन सुकरू न्यायला आला. त्याच्या गावाहून आम्ही दुपारी परत निघालो, मुद्दाम रिकाम्या गाडीनं.

सुरुवातीला गाडी छान पळत होती. मग उतार आला. सुकरूनं वरूनच ब्रेकवर पाय ठेवला आणि खालपर्यंत दाबून धरला. खाली नाल्याशी रस्त्याच्या कडेला वाळक्या डहाळ्यांचा कमरेएवढा ढीग होता. मंगरू सापडला ती जागा. तिकडे माणूस असा गेला की येणारा-जाणारा तिथे एक डहाळी टाकून पुढे जातो. सुकरूनं खाली उतरून पळसाची डहाळी तोडली, ढिगावर ठेवली. मी गाडीतच बसून राहिलो. ऊन मी म्हणत होतं. इतका वेळ झाडांवरचे किडे कान किटवत होते, ते सगळे एकदम गप्प झाले.

आणि मागे पाटे वाजले. पाटे म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. मागच्या डाल्यात, म्हणजे माल भरायच्या हौद्यात, कोणी पाय ठेवून चढलं की ते जसे करकरतात तसेच वाजले, आणि गाडी किंचित मागे दबली. सुकरू माझ्यासमोर ढिगाजवळ उभा होता. मी आरशात पाहिलं नाही. भीती वाटली म्हणूनच पाहिलं नाही, खोटं कशाला बोलू?

सुकरू येऊन बसला, मागे न बघता म्हणाला, "चाल दादा." गाडी निघाली ती पहिल्यासारखी नाहीच. चौथ्या गिअरला ओढेना. सपाट रस्त्यावर न्यूट्रल केली तर थोड्या अंतरात उभी राहिली. रिकामी गाडी.

मी खाली उतरलो. पुढच्या चाकाच्या डिस्कवर बाटलीतलं पाणी टाकलं तर ते चर्र झालं. दुसऱ्या बाजूलाही तेच. चाक जॅकवर उचललं, हातानं हलेना. ब्रेकची निपल, म्हणजे तेल सोडायचा छोटा स्क्रू, जरासा ढिला केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं.

ब्रेक दाबला की तेल रबरी पाइपातून चाकाकडे जातं, सोडला की परत येतं. पाइप जुना झाला की आतून फुगतो, तेलाची वाट बारीक होते. मग जोरात ढकललेलं तेल आत जातं, पण लवकर परत येत नाही. ब्रेक लागलेलाच राहतो आणि डिझेल त्याच्याशी झुंजण्यात जातं. तासभर उभी राहिली की तेल हळूहळू उतरतं, चाक सुटतं. बाजार आटोपून गाडी माझ्याकडे येईपर्यंत चाकं सुटलेली असायची, म्हणून मला गॅरेजमध्ये कधी सापडलं नाही. गावाकडे जाताना तोच उतार चढ होतो, तिथे ब्रेक लागतच नाही.

आरमोरीला दोन्ही पाइप बदलले. जुना ब्लेडनं उभा चिरून सुकरूला दाखवला. म्हटलं, बघ, हा तुझा दादा. वर थोडा हसलोही. तो गाडी घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी रुकमाबाईंचा फोन आला. एव्हरेज तेरा मिळत होतं. पण सुकरू जेवत नव्हता, घरातही कोणाशी बोलत नव्हता. गाडीची चावी त्यानं त्यांच्यासमोर ठेवून दिली होती. मी म्हटलं, त्याला माझ्याकडे पाठवा.

सुकरू आला आणि टायरवर बसला. मग म्हणाला, "मिस्त्री भाऊ, तो जुना पाइप परत लावता येते का?"

तो तर मी चिरून टाकला होता. नसता चिरला तरी लावला नसता. मला माझीच लाज वाटली. मग मी त्याला नाल्याजवळचं सांगितलं. म्हटलं, "ब्रेकचं कारन मले सापडलं. पन तू खाली होता तवा मांगचे पाटे वाजले. ते काऊन वाजले, मले आजही मालूम नाई."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलतोय का, ते तपासलं असावं. मग म्हणाला, "तेच म्हनतो मी. दादा तं काडीवानी होता. त्याच्यानं एवढं डिझेल कुठी जाते?"

दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा गाडी चालवायला लागला. गाडी विकली नाही. बाईंना मी पाइपाचं सांगितलं, पाट्यांचं नाही.

आता एव्हरेजची तक्रार आली की मी इंजिन उघडत नाही. गाडी वीसेक किलोमीटर पळवतो आणि आधी चाकं तापलीत का ते बघतो. एका माणसाच्या वजनानं एवढा फरक पडत नाही.