अनसामावशीची आई

"ती बाई प्रार्थनेत डोळं उघडं ठेवती बघ."

मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं. मी पाहिलं. सगळं चर्च माना खाली घालून बसलेलं असताना अनसामावशी खिडकीकडे टक लावून बसली होती. डोळे माझेही उघडेच होते, पण मला कुणी काही म्हणायचं नाही. माझा जन्मच ख्रिस्ती घरातला. ती बाहेरून आलेली, म्हणून तिच्यावर लक्ष असायचं.

मंगळवार पेठेत आमच्या घरामागच्या खोलीत ती एकटी भाड्यानं राहायची. माहेर गारगोटीजवळचं, शेतकऱ्याचं. नवऱ्यानं टाकल्यावर कोल्हापुरात येऊन तिनं एका दवाखान्यात आयाचं काम धरलं. तिथल्या एका सिस्टरबरोबर ती चर्चला येऊ लागली आणि पुढे तिनं बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून भावानं दार बंद केलं. पास्टरांनी नवं नाव सुचवलं, तर त्यांना म्हणाली, "नाव आईनं ठेवलंय. पाणी मला घातलंसा, नावाला न्हवं."

डोळ्यांबद्दल मी एकदा धीर करून विचारलं.

"मिटलं की आईच दिसती गं," ती म्हणाली. "देवाला बिचाऱ्याला बाजूला सरावं लागतंय."

मला विश्वास आडनावासारखा मिळाला, त्यासाठी काही द्यावं लागलं नाही. त्यामुळे तिच्यासमोर मी अवघडून बसायची. "तुझ्या त्या इंग्लिश शाळेत बोलायला शिकवत न्हाईत व्हय?" असं ती मला चिडवायची.

तिची आई अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा तिनं भावाला फोन लावला. फोनवरचं तिला नीट ऐकू यायचं नाही, म्हणून स्पीकर लावून फोन मी धरला.

"ये की," भाऊ म्हणाला. "पण आधी देव्हाऱ्यापुढं वाक, कपाळाला भंडारा लाव, मग आईजवळ बस. तू धर्म सोडलास म्हणून तिला हे दुखणं लागलंय."

"दादा, मनात न्हाई तर खोटं वाकू व्हय?"

"वाकायला काय पैसं पडत्यात? तुझा येशू हितं बघायला येणार हाय काय?"

"त्यो नसला आला तरी मला ठावं असतंय की."

"मग बस तिथंच."

मी तिच्या जागी असते तर वाकले असते. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

तरीही ती गेली, सोबतीला मला घेऊन. भाऊ दारात उभा होता. आम्ही गोठ्यापाशी बसलो. वहिनीनं पाणी आणून दिलं आणि नजर चुकवून आत गेली. आतून खोकल्याचा आवाज येत होता. मग क्षीण आवाजात कुणी विचारलं, "कोण आलंय? अनशी हाय व्हय?"

"न्हाई, दूधवाला हाय," भाऊ दारातूनच म्हणाला.

मावशीनं पदराचा बोळा तोंडात धरला. शेवटच्या एसटीची वेळ होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

एसटीत मी विचारलं, "हाक का नाही मारलीस?"

"हाक मारली असती तर तिनं ये म्हटलं असतं," ती म्हणाली. "आणि तिनं ये म्हटल्यावर मी वाकलो असतो."

आई गेल्याचं भावानं कळवलं ते रक्षाविसर्जन झाल्यावर. मावशीनं चर्च सोडलं नाही, पण मला चिडवणं मात्र थांबवलं. आता तीही नाही. येशूसाठी खरोखर काही सोडलेलं माणूस मी एवढं एकच पाहिलं. बदल्यात तिला काय मिळालं, हे मी शोधत राहिले. मला सापडलं नाही.

आई गेल्याचं कळलं त्या आठवड्यात चर्चच्या महिला मंडळाच्या बायका तिच्या खोलीवर आल्या. चांगल्या बायका होत्या. कुणी पिठलं-भाकरी आणली होती, कुणी आल्या आल्या तिची भांडी घासून टाकली. गीत झालं, प्रार्थना झाली. मग त्यांच्यातली एक वयस्कर बाई मावशीचा हात धरून म्हणाली, "अनसूयाबाई, प्रभूसाठी जो घरदार, आईबाप सोडतो त्याला सगळं शंभरपट मिळतं, असं वचनच आहे. आम्ही सगळ्या तुमच्या आयाच की."

बाकीच्यांनी आमेन म्हटलं. मावशीनं हात हळूच सोडवून घेतला.

"शंभर कुणी मागितल्या हुत्या, बायांनो?" ती म्हणाली. "मला एकच हुती."