चहात बुडवलेली लेबलं

चहा जास्त उकळून कडवट वास सुटला की मला आयर्लंडमधल्या नावन गावातल्या शेजारच्या आजोबांची परसातली शेड आठवते. ते निवृत्त मुद्रक. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांचे गणवेश घालून छावणी उभारणाऱ्या हौशी मंडळींना ते त्या काळच्या खाण्याच्या डब्यांची लेबलं हुबेहूब छापून द्यायचे. मटाराच्या एका लेबलासाठी तीन-तीन दिवस भिंगातून जर्मन अक्षरं जुळवायचे, आणि तसा जाडाभरडा कागद कुठून कुठून शोधून आणायचे. एका शनिवारी त्यांनी मला छापलेली लेबलं कापायला बसवलं आणि ते जेवायला घरात गेले. मला ती लेबलं फारच कोरी करकरीत वाटली. मी घरून कडक चहा उकळून आणला आणि एकेक लेबल त्यात बुडवून छान पिवळं केलं. ते परत आले तेव्हा सगळी दोरीवर ठिबकत होती, आणि छावणी दुसऱ्याच दिवशी होती. आता ओरडणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी एक लेबल हातात घेऊन हुंगलं. "चहा ग्रँड झालाय," ते म्हणाले, "पण त्या सैनिकाने डबा उघडला तेव्हा तो जुना नव्हता गं. त्याच्यासाठी तो आजचाच होता." आणि बाह्या सरसावून पहिल्यापासून छापायला लागले. आता लेकीला माझ्या आईबद्दल सांगताना मी तिच्या पांढऱ्या केसांपासून सुरुवात करत नाही. सायकल हाणत कॉलेजला निघालेली, शेपटा उडवणारी मुलगी आधी सांगते.