जाऊबाईंचा वाटा

माझी धाकटी बहीण लाँड्रीत इस्त्री करते आणि कामावर जाण्याआधी गोष्टी लिहिते. पहिलं पुस्तक तिनं स्वतःच छापलं आणि लाँड्रीच्या फळीवर ठेवून विकलं. त्यातली खाष्ट थोरली जाऊ लोकांना फार आवडली. कपडे न्यायला आलेली गिऱ्हाइकं तिचे टोमणे म्हणून दाखवत आणि हसत. बहीण मात्र कानकोंडी होई. ती जाऊ तिच्या घरचीच होती. बहीण लिहीत बसे तेव्हा तिच्या पोरांना आंघोळ घालून शाळेत धाडणारी.

सगळ्या प्रती संपल्या, दुसरी आवृत्ती काढायची ठरली, आणि बहिणीच्या अंगी अन्न लागेना. मी भेटायला गेलो होतो तेव्हा जाऊबाईंनीच विषय काढला.

"मी एवढी खाष्ट आहे का गं?"

"चुकलं माझं, जाऊबाई. काढून टाकते तुम्हाला."

"काढू नकोस. खाष्ट तर मी आहेच, तुझ्या दादाला विचार."

मी चहाच्या कपात बघत राहिलो.

"पण तुझी पोरं कोण आवरतं, ते का नाही लिहिलंस?"



मी जन्मभर गवंडीकाम केलं. उभी भिंत पाडून पुन्हा बांधणं नव्या भिंतीपेक्षा जड जातं. बहिणीनं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला घेतलं. त्या सकाळी ती आधी पोरांच्या आंघोळीला उठली, तर जाऊबाईंनी हातातली बादली काढून घेतली.

"तू लिही. या खेपेला मला पुरती उतरव."