बांगडीतली पिन
चूक माझीच होती. बायकोच्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन दिसली की आजही स्वतःवर चिडायला होतं. त्या दुपारी सिंगापूरला, क्लेमेंटी भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तिचा फोन चार्ज होईना, आणि तिकडे नागपूरला तिच्या आईला थोड्याच वेळात ऑपरेशनसाठी आत नेणार होते. पोर्टमध्ये पर्समधला मळ घट्ट बसला होता. "बाबा, आधी स्विच ऑफ करा लाह. टूथपिक घ्या, मेटल नको," मुलगी तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "इंजिनिअर मी आहे की तू?" असं म्हणत मी बायकोची पिन घेऊन आत खुपसली. काहीतरी कट्कन तुटलं, आणि उरलंसुरलं चार्जिंग संपून स्क्रीन काळी झाली. वर मी मुलीवरच डाफरलो, "कितीदा सांगितलं, चार्जर हिसकून काढू नकोस." तिने स्वतःच्या फोनवरून हॉस्पिटलमधल्या मामाला व्हिडिओ कॉल लावला. हिरवी टोपी घातलेल्या आजीने लेकीच्या आधी नातीलाच विचारलं, "डोळे का गं लाल?" जावयाचा मान बाजूला ठेवून मी स्क्रीनपुढे आलो. "आई, फोन मी मोडला आणि हिच्यावर ढकललं," म्हणालो, आणि मुलीकडे वळलो, "चुकलो गं बाळा."