चादर टाकून बसवलेली मावशी

सोफ्यावर आधी जुनी चादर टाकायला लावली. मीच टाकली. मग वहिनी म्हणाल्या, "आता बस."

दिल्लीतल्या द्वारकेच्या या फ्लॅटमध्ये इतकी वर्षं काम करते, सोफ्यावर कधी बसले नव्हते. चौथीपर्यंतची शाळा. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. नवरा गेल्यावर वहिनींनी त्यांच्या माहेरच्या गावातून मला दिल्लीला आणलं. आई अजून तिथेच, वहिनींच्या भावाच्या घरामागच्या खोलीत.

वहिनींची मुलगी रेवाताई शिकायला परदेशी जाणार. घरात तिकडची सवय सुरू झाली. जेवताना काटा-चमचा. दिवसभर इंग्रजी. मराठी तिची आधीच गेली होती, आता हिंदीही बंद. पण तिला भात लावता येत नव्हता, स्वतःचे कपडे धुता येत नव्हते. ते शिकवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्यासाठी मी जाणार होते. मला कुणी विचारलं नाही.

कामवालीला तिकडे कोण येऊ देणार? म्हणून मला कागदावर मावशी केली. वहिनींची सख्खी बहीण.

रोज संध्याकाळी तालीम. साहेब, म्हणजे रेवाताईचे वडील, समोर खुर्चीत, व्हिसाच्या खिडकीतला अधिकारी होऊन. माझ्याकडून चार इंग्रजी वाक्यं पाठ करून घेतली. मी अडखळले की रेवाताई हसायची, बंद केलेली हिंदी तोंडातून निघायची. "मम्मी, ये तो मरवाएगी." तालीम संपली की चादर मशीनमध्ये. मी फरशीवर, माझ्या वेगळ्या कपात चहा.

साहेब सगळं शांतपणे समजावायचे. तिकडे दार उघडायचं नाही. शेजाऱ्यांशी बोलायचं नाही. पासपोर्ट रेवाकडे राहील. मी विचारलं, परत कधी यायचं? त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

खिडकीबाहेर मेट्रोचे खांब उभे राहत होते. मी तिकडेच बघत राहिले.

मग एका संध्याकाळी मी चादर टाकलीच नाही. तशीच बसले. वहिनींचा चेहरा उतरला. साहेबांनी रेवाताईकडे बोट करून इंग्रजीत विचारलं, ही तुमची कोण? मी मराठीत म्हणाले, "मी यांच्या घरी भांडी घासते. माझा कप सिंकखाली असतो."

रेवाताई हसली नाही.

वहिनी जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "तुझी आई कुणाच्या खोलीत राहते, आठवतंय ना?"

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मिटलं.

तेव्हापासून मला त्यांच्या कपात चहा मिळतो. आधी 'ए' होते, आता 'अगं' झाले. साहेब तब्येत विचारतात. दाराला मात्र आता बाहेरून कुलूप असतं.

आज दूध आणायला तेवढं खाली सोडलं. एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावला, आईला बोलावून घेतलं. म्हटलं, सामान बांध, मामाकडे जा. आई रडली. मामा किती दिवस ठेवेल, म्हणाली. मी म्हटलं, "ठेवेल तितके. यांची मावशी होऊन तुझी खोली राखायची नाही मला."

उद्या व्हिसाच्या खिडकीपाशी जायचंय. वहिनींनी स्वतःची साडी दिली आहे, इस्त्री करून. चार वाक्यं पाठ आहेत. पाचवं मी जुळवलं, रेवाताईच्या तोंडून ऐकलेल्या शब्दांतून.

आय एम देअर सर्व्हंट.

पहिल्याच प्रश्नाला हे बोलणार आहे.